कपाटातले फोन आणि गळके नळ

सोमवार, ८ जानेवारी

आज आमच्या वसतिगृहातली एक मुलगी खड्ड्यात पडली. पडली याचं मला एवढं वाटत नाही. ती वर यायला तयार नव्हती, याचं वाटतं.

आवारातली जुनी पाइपलाइन बदलायला एक प्लंबर आले आहेत. त्यांनी फाटकापासून टाकीपर्यंत चर खणला आहे आणि कडेला चांगलं ठसठशीत लाल फडकं बांधलं आहे. मी ऑफिसात हजेरी बघत होते. प्लंबर दारात येऊन हात पुसत उभे राहिले.

"मॅडम, तुमची एक मुलगी चरात आहे."

"चरात काय करतेय?"

"व्हिडिओ बघतेय."

"अहो, मग बाहेर काढा ना तिला!"

"हात दिला मी. ती म्हणाली, काका, थोडाच राहिलाय."

धावत गेले. दुसऱ्या मजल्यावरची नर्सिंगची मुलगी कमरेइतक्या चरात उभी होती. पाय चिखलात, कोपर खरचटलेलं आणि फोनवाला हात निशाण धरावं तसा उंच. हात कोरडा ठणठणीत. या मुलीला सगळ्या 'चार्जर' म्हणतात, कारण भिंतीत जिथे प्लग असेल तिथे ती चिकटलेली सापडते. मी विचारलं, "लागलं का गं?" तिने आधी फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "नाही मॅडम, काच शाबूत आहे."

प्लंबर हसले. मी हसले नाही. रेक्टरने हसायचं नसतं. (खोलीत येऊन, दार लावून हसले.)

दुपारी तिच्या वडिलांना कळवलं, तेव्हा मात्र हसू पळालं. मुलगी मागच्या परीक्षेत शरीररचनेच्या विषयात नापास झाली आहे. फेब्रुवारीत पुन्हा बसायचंय. या वेळीही गेली तर शिक्षण बंद, सरळ घरी. "घरी बसून बघू दे काय बघायचं ते," असं म्हणताना त्यांचा आवाज रागाचा कमी आणि हरलेल्या माणसाचा जास्त वाटला. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यावर सोपवा."

आता सोपवलंय. काय करायचं ते मला माहीत नाही, पण करायचं आहे. आणि केलेल्या कामाची नोंद असावी, म्हणून ही दैनंदिनी.

मंगळवार, ९ जानेवारी

सगळ्या मुलींना जेवणघरात बोलावलं आणि जाहीर केलं: संध्याकाळी दिवे लागले की फोन माझ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, सकाळी चहाबरोबर परत.

एकदम असा गलका झाला की स्वयंपाकाच्या मावशी उलथणं घेऊन बाहेर आल्या, त्यांना वाटलं आग लागली.

तिसऱ्या मजल्यावर कायद्याची विद्यार्थिनी आहे. ती उभी राहिली. तिला मी मनात वकीलीणबाई म्हणते, पुढे होईलच. ती म्हणाली, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा हवा. तुमचाही फोन कपाटात."

"ठेवीन की! मला कोण फोन करतंय?"

हे मी अगदी तोऱ्यात म्हटलं. पण मुली माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. वकीलीणबाईने तर पुढचे मुद्दे मांडलेच नाहीत. माझा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच असणार.

बुधवार, १० जानेवारी

पहिली संध्याकाळ. फोन जमा झाले. दार लावल्यावर कपाट मधमाश्यांचं पोळं घुमावं तसं घुमायला लागलं.

थोड्या वेळाने ऑफिसचा फोन वाजला. एका मुलीची आई. "मुलगी फोन उचलत नाही हो! जेवली का?" जेवली, म्हटलं. ठेवते तो दुसरी आई. मग तिसरी. याच आया मागच्या महिन्यात माझ्याकडे येऊन, मुलगी सतत त्या फोनमध्ये डोकं खुपसून असते म्हणून पदर डोळ्याला लावून गेल्या होत्या. आता पोरीने डोकं बाहेर काढलं, तर यांचा जीव टांगणीला.

रात्रीचं जेवण माझ्या पोटात गेलं ते "हो, जेवली", "हो, खोकला कमी आहे" असं म्हणत म्हणत. एका आईने शेवटी विचारलं, "आणि तुम्ही जेवलात का?" मी म्हटलं, "हो, खोकला कमी आहे."

शुक्रवार, १२ जानेवारी

स्वयंपाकाच्या मावशी राजीनामा द्यायला आल्या.

"काय झालं मावशी?"

"पोरी ताटात बघायला लागल्यात!"

इतकी वर्षं डावा हात फोनवर, उजवा हात ताटात. काय वाढलं, कशात मीठ नाही, कशात दोनदा पडलं, कुणाला पत्ता नसे. आता एकीने भाजी चमच्यावर उचलून विचारलं म्हणे, "मावशी, हे मुळात काय होतं?"

"सुखात होते हो मी," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला कुठून ही अवदसा आठवली?"

समजूत घातली. खरं सांगायचं तर भाजी मीही आज पहिल्यांदाच नीट पाहिली. प्रश्न रास्त होता.

रविवार, १४ जानेवारी

मुलींचे हाल आहेत. एक मुलगी कॅमेऱ्यासमोर नाचून ते फोनवर टाकत असते, तिला सगळ्या 'रील' म्हणतात. ती काल जिन्यात कॅमेऱ्याशिवायच नाचली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून "आवडलं का?" विचारत होती. चार्जर पलंगावर उताणी पडून छताकडे बघते. तिचा अंगठा चादरीवर आपोआप वर सरकत असतो. तिची खोलीतली मैत्रीण म्हणाली, "चादर विरेल, मॅडम."

माझं म्हणाल तर मला काहीही फरक पडलेला नाही. मी फोनवर एकच खेळ खेळायचे, रंगीत फळं जुळवण्याचा. तोही फक्त जेवणानंतर, पचनासाठी. आणि जेवणाआधी, भूक लागावी म्हणून. आणि झोप येत नसली तर. व्यसन वेगळं आणि बुद्धीला व्यायाम वेगळा. आज बाजारात फळांच्या गाडीवर तीन संत्री एका ओळीत दिसली. मी चौथं उचलून त्यांच्याशेजारी ठेवलं आणि ती नाहीशी होण्याची वाट बघत उभी राहिले. फळवाल्याने विचारलं, "घेताय का?"

हे वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहिलं.

मंगळवार, १६ जानेवारी

दुसऱ्या मजल्यावरचा नळ गळायला लागला. प्लंबरचं आवारातलं काम परवाच संपलं होतं, त्यांना परत बोलवावं लागलं. संध्याकाळी आले आणि हां-हां म्हणता काम उरकलं. मुलींनीच मावशींना सांगून त्यांच्यासाठी चहा करवला आणि ट्रे ऑफिसात आणून ठेवला. दोन कप होते. मी म्हटलं, मी चहा घेतलाय. तर रील म्हणाली, "मग काका एकटे कसे पितील, मॅडम?" शिष्टाचाराचा भाग म्हणून घेतला.

फोन काढून घेतल्यापासून मुलींमध्ये माणुसकी येते आहे. नोंद घेण्यासारखी गोष्ट.

गुरुवार, १८ जानेवारी

आज तिसऱ्या मजल्यावरचा नळ. इमारत जुनी झाली.

पुन्हा चहा. या वेळी वकीलीणबाई ऑफिसात काही तरी विचारायला म्हणून आली आणि टेबलाला टेकून उभीच राहिली.

"काका, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि एक मांजर. मुलगी लग्न होऊन लांब गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली."

"स्वयंपाक?"

"मीच करतो."

"येतो नीट?"

"मांजर अजून सोडून गेलेलं नाही."

मला ठसका लागला. चहा गरम होता.

"दारू वगैरे?" वकीलीणबाईने विचारलं. मी डोळे वटारले. प्लंबर मात्र शांतपणे म्हणाले, "नाही. रात्री रेडिओ ऐकतो."

मुलींना आजूबाजूच्या माणसांविषयी कुतूहल वाटू लागलं आहे. पूर्वी या पोरींना शेजारच्या खोलीत कोण राहतं ते ठाऊक नसे. प्रयोग यशस्वी होतो आहे असं म्हणायला हरकत नाही.

शनिवार, २० जानेवारी

पुन्हा दुसरा मजला. आता हे वॉशर कुठल्या मातीचे बनवतात कोण जाणे.

मुली फोन परत मिळवण्यासाठी माझी खुशामत करू लागल्या आहेत, पण मी बधणारी नाही. आज एकीने सांगितलं, तुम्हाला निळा रंग खुलतो. दुसरी म्हणाली, केस असे घट्ट बांधण्यापेक्षा जरा सैल बांधा. रीलने तर माझा चष्मा काढून स्वतःचा बिनकाचेचा मला लावून पाहिला आणि सगळ्या "अय्या!" म्हणून ओरडल्या. मी त्यांना ठणकावलं, कपाट उघडणार नाही म्हणजे नाही.

निळं काही तरी घालायला मात्र काही हरकत नव्हती. धुतलेलं तेच होतं.

प्लंबर आले तेव्हा रील दारात म्हणाली, "काका, या ना, काकू ऑफिसात आहेत." मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, मी मॅडम आहे, काकू नाही. ती "सवयीने तोंडात आलं" म्हणाली. सवय कशी लागली, कुणास ठाऊक.

मंगळवार, २३ जानेवारी

आज मन थाऱ्यावर नाही.

संध्याकाळी प्लंबर दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये फ्लशची टाकी उघडून बघत होते. मी दारात उभी होते, देखरेखीला. टाकीच्या आतून गाणं वाजायला लागलं. प्लंबरनी हात घालून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी आणि तिच्यात फोन. पाठीमागच्या स्टिकरवरून ओळखला. चार्जरचा. म्हणजे कपाटात रोज ठेवत होती तो कुठला तरी जुना, मेलेला.

माझा संताप झाला. प्लंबर हळूच म्हणाले, "मॅडम, रागवायच्या आधी एक सांगू? पिशवी फार मन लावून बांधलीय. एवढं मन लावून माणूस काही तरी लपवतं, ते मजेसाठी नसतं." आणि फोन माझ्या हातात देऊन पाने-पक्कड घेऊन खाली गेले.

चार्जरला ऑफिसात बोलावलं. टेबलावर फोन बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं होतं ती खोटं बोलेल, भांडेल. ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. अगदी लहान मुलीसारखी, नाक गळेपर्यंत.

"एवढं काय आहे गं त्या फोनमध्ये?"

"काहीच नाही, मॅडम."

"मग?"

"फोन ठेवला ना, की डोक्यात सुरू होतं. मला काही येत नाही. वर्गात सगळ्यांना कळतं, मला एकटीलाच कळत नाही. पुस्तक उघडलं की पहिल्या पानावरच छाती धडधडते. मग फोन घेते. त्यात काहीही असलं तरी चालतं. मांजर, भांडण, कुणी तरी गालिचा धुतंय. तेवढा वेळ डोकं गप्प बसतं." ती नाक पुसत म्हणाली, "त्या दिवशी चरात पडले ना, तेव्हा मी गालिचा धुतलेलाच बघत होते."

माझं भाषण तयार होतं. मेहनत, आई-वडिलांचे कष्ट, वेळेचं मोल, सगळं होतं त्यात. पण त्यातलं एकही वाक्य गालिच्याला लागू पडेना.

शेवटी मी म्हटलं, "पुस्तक घेऊन ये. इथे बस. पहिलं पान मी वाचते."

"तुम्हाला कळेल?"

"अजिबात नाही. म्हणजे दोघींना कळत नाही. एकटी तर नाहीस ना?"

पहिलं पान वाचायला आम्हाला जेवणाची घंटा होईपर्यंत वेळ लागला. मला खरंच काही कळलं नाही. ती मला समजावून सांगत होती.

शनिवार, २७ जानेवारी

चार्जर रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसात अभ्यासाला बसते. मी प्रश्न विचारते, ती उत्तरं देते. चुकली तर मला कळत नाही, म्हणून ती स्वतःच पुस्तकात बघून स्वतःला रागावते. पद्धत चांगली आहे. अजूनही मधेच हात रिकाम्या खिशाकडे जातो. मग मी टेबलावर पेन्सिल वाजवते आणि ती "हो हो" म्हणते.

आज हाताची हाडं होती. पहिल्या मजल्यावरचा नळ दुरुस्त करून प्लंबर हात धुवत होते. चार्जर म्हणाली, "काका, तुमचा हात द्या ना, माझा फार बारीक आहे." ते बिचारे खुर्चीत बसले, बाही वर करून हात टेबलावर ठेवला. चार्जरने दोन हाडांची नावं सांगितली आणि म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही धरा, मी न बघता सांगते." आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

मी त्यांचं मनगट धरलं. मनगटात आठ लहान हाडं असतात. मला सातच सापडली, म्हणून पुन्हा मोजली. मग सहा सापडली, म्हणून पुन्हा.

प्लंबर म्हणाले, "सावकाश, मॅडम. हाडं कुठे पळून जात नाहीत."

चार्जरला सगळी नावं आली. मी किती वेळ मोजत होते ते तिने पाहिलं नाही, हे एक बरं झालं. मात्र खिडकीच्या काचेत तिचे दात दिसत होते. इतका आनंद व्हावा अशी हाडांची नावं नाहीत खरी.

बुधवार, ३१ जानेवारी

आज एकही नळ बिघडला नाही. संध्याकाळ फार लांबली. दोनदा वरच्या मजल्यावर जाऊन सगळे नळ तपासून आले. उत्तम आहेत.

शनिवार, ३ फेब्रुवारी

काय दिवस गेला! लिहिताना अजून पाय ओले आहेत.

मुली जेवायला बसल्या होत्या. वरून धप्प असा आवाज आला आणि जिन्यावरून पाणी उतरायला लागलं. दुसऱ्या मजल्यावर नळ नाही, नळामागचा पाइपच सांध्यातून निघाला होता. पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते फक्त प्लंबरना माहीत, कारण नवीन लाइन त्यांनीच टाकली आहे. पाणी ऑफिसात शिरलं. कपाटात खालच्या फळीवर फोन. मी किल्ली फिरवते तर ओल्या हातातून ती निसटते.

कपाट उघडलं. मुलींनी फोन बादलीत भरून टेबलावर ठेवले. तेवढ्यात दिवे गेले आणि ऑफिसचा फोनही बंद पडला.

"इमारतीच्या मालकांना फोन लावा," मी ओरडले. "प्लंबरना लावा. कुणाला तरी लावा!"

बादलीतून माझा फोन काढला, तर तो भिजून बंद. बाकी फोन चालू होते, पण नंबर कुठे होते कुणाकडे? प्लंबरचा नंबर फक्त माझ्या फोनात. वकीलीणबाई म्हणाली, "मॅडम, पाठ नसेल ना तुम्हाला? आम्हाला तर घरचाही नंबर पाठ नाही."

मी नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

कमरेला कपडे खोचून, हातात झाडू-बादल्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या मुली थांबल्या. वरून पाणी पडत होतं आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय बघताय? लावा!"

"मॅडम," रील म्हणाली, "तुम्हाला काकांचा नंबर पाठ आहे?"

"कामाचा नंबर आहे. पाठ असायलाच हवा."

"मग मालकांचा सांगा."

मालकांचा मला आठवला नाही. माझ्या बहिणीचाही नाही. अंधार होता हे चांगलं झालं.

प्लंबर आले ते घरच्या कपड्यांत, सायकलवरून. व्हॉल्व्ह बंद केला, सांधा बसवला. आणि मग जे झालं ते झालं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाइपाचं टोक दाखवलं आणि विचारलं, "हा आट्यांचा सांधा कुणी फिरवला?" रील हुंदके देत पुढे आली. "मी फक्त नळ सैल करायचा होता, काका. नेहमीसारखा. चुकून मागचा फिरला."

नेहमीसारखा!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसरा मजला, तिसरा मजला, निळा रंग, दोन कप, काकू. एवढे दिवस सगळं वसतिगृह बघत होतं, आणि मी तेवढी नळांना दोष देत होते.

प्लंबरकडे न बघता मी खोलीत आले.

रविवार, ४ फेब्रुवारी

फोन परत दिले. सगळ्यांचे, कायमचे. "घ्या आणि डोकी खाली घाला. माझ्याकडे बघू नका," एवढंच म्हणाले.

दुपारी जेवणघरात चिडीचूप. सगळ्यांची मान खाली, हात फोनवर. मावशी खूश. मला जेवण गेलं नाही.

मला राग आला आहे. या वयात या पोरट्यांनी माझा खेळ मांडला. माझं लग्न जमलं नाही असं नातेवाईक म्हणतात, मी जमवलं नाही असं म्हणते, आणि या दोन्हींत मिळून माझं बरं चाललं होतं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

फोन वाळवल्यावर सुरू झाला. फळं जुळवली. जुळतात. पुढे काय?

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज चार्जरची परीक्षा. सकाळी ती दारात उभी. मी गेले काही दिवस तिला ऑफिसात बोलावलं नव्हतं. स्वतःच्या रागात तिची परीक्षा विसरले होते. कळलं तेव्हा मलाच थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"अभ्यास केलास का गं?"

"केला. रोज तुमच्या दाराबाहेर जिन्यात बसून. इथेच सवय झाली होती." मग तिने फोन पुढे केला. "हा ठेवाल? आज सोबत नको."

मी घेतला. ती जाईना.

"मॅडम, आम्ही चेष्टा नव्हतो करत. फोन नव्हता म्हणून बघायला दुसरं काहीच नव्हतं. तुम्हालाच बघत होतो. तुम्ही एकट्या जेवता, ताट भिंतीकडे करून. आणि काका पहिल्यांदा चहा प्यायला बसले त्या दिवशी तुम्ही हसलात. आम्हाला माहीतच नव्हतं तुम्हाला हसता येतं."

"परीक्षेला उशीर होईल," मी म्हटलं.

"नळ मोडणं चूक होतं," ती म्हणाली. "पण काका बरे आहेत, मॅडम." आणि पळाली. पळताना समोर बघत होती, हे मी मुद्दाम पाहिलं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

निकाल लागला. चार्जर काठावर पास! तिच्या वडिलांना मीच फोन केला. ते म्हणाले, "काठावर का होईना, तिचं ती पोहून आली."

चार्जर सुधारली, असं मी म्हणणार नाही. निकाल फोनवर बघत मला सांगायला धावत आली ती ऑफिसच्या दारावरच आदळली. पण टेंगूळ आधी चोळलं, फोन नंतर बघितला.

दुपारी वकीलीणबाई अर्ज घेऊन आली. कपाट पुन्हा सुरू करावं, फक्त संध्याकाळपासून जेवण होईपर्यंत. बहुतेक मुलींच्या सह्या होत्या. रीलची नव्हती, तिने लिहिलं होतं, 'नाचाचे दिवस सोडून.' कारण विचारलं तर वकीलीणबाई म्हणाली, "जेवताना पुन्हा कुणी बोलेना, मॅडम. आणि भाजीवर कुणी तरी लक्ष ठेवायला हवं." मंजूर केला.

मग संध्याकाळी प्लंबर आले. कुणी बोलावलं नव्हतं. नळ सगळे शाबूत होते. पिशवी नव्हती, पाने नव्हते, शर्टाला इस्त्री होती. मी खुर्ची दाखवली, पण ते बसले नाहीत.

मी सरळच विचारलं, "तुम्हाला हे पोरींचे उद्योग माहीत होते?"

"पहिल्या दिवसापासून. वॉशर झिजला तर कळतो, मॅडम. आणि झिजलेल्या नळावर नखांचा गुलाबी रंग लागलेला नसतो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टेबलाच्या कडेकडे बघितलं. "बोललो असतो तर नळ बिघडायचे थांबले असते."

मी हजेरीचा कागद उलटा केला, मग सुलटा केला.

ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, उद्या नळ ठीक असला तरी आलो, तर चालेल?"

आमच्या नियमावलीत बाहेरच्या माणसांच्या भेटीचे नियम फार कडक आहेत. ते मीच लिहिलेत. मी म्हटलं, "नियम मुलींसाठी आहेत. उद्या या."

त्यांनी माझा नंबर मागितला. वसतिगृहाचा नको, माझा. मी सांगितला. त्यांनी तो कुठेही लिहून घेतला नाही. म्हणाले, "तुम्ही माझा पाठ केलात, मी तुमचा करतो." आणि अंगणातून नंबर मोठ्याने घोकत निघाले. मी गॅलरीत उभी राहून ऐकत होते. फाटकापाशी शेवटचा आकडा चुकला. पाचाचा नऊ केला त्यांनी.

"पाच!" मी ओरडले.

आणि माझ्या डोक्यावरच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्यांतून एकदम आवाज आला, "काका, पाच! पाच!"

मी वर बघितलं. एकीच्याही हातात फोन नव्हता. मी रागावणार होते, पण तोवर फार उशीर झाला होता. मी हसत होते, आणि तेही दार न लावता.